मागच्या अंगणातली हजेरी

आमच्या हेडबाई कोंबड्यांची हजेरी घेत. हे मी विनोदानं सांगत नाही, आणि त्याही विनोदानं घेत नसत. दिवेलागणीला मागच्या अंगणात खुर्ची टाकायची, चष्मा पदराला पुसायचा, मांडीवर शाळेतला असतो तसा लांबट हजेरीपट उघडायचा आणि खुराड्यात एकेक कोंबडी शिरताना तिचं नाव पुकारायचं. "विमल." विमल आत. "सिंधू." सिंधू आत. नावापुढे 'ह' लिहिल्याशिवाय पुढचं नाव नाही. मालती पेरूच्या झाडाखाली रेंगाळली, तर बाई पेन्सिल वर धरून नुसत्या थांबायच्या. थोड्या वेळानं मालतीच ओशाळल्यासारखी लगबगीनं आत जायची. अकरा नावं झाली की खुराड्याला कडी लागायची, पट मिटायचा आणि बाई म्हणायच्या, "पट पूर्ण. सुट्टी."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. स्वारगेटपासून चालत पंधरा मिनिटांवर बाईंचं बैठं घर होतं. पुढच्या तीन खोल्यांत त्या एकट्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं भाडेकरू, आणि मधे हे अंगण. बाई मुलींच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्याला सहा-सात वर्षं होऊन गेली होती, पण अख्खी गल्ली त्यांना हेडबाईच म्हणायची. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते फाटकावरच्या पत्रपेटीवर, आणि तेव्हाही क्षणभर वाटलं की पोस्टमन चुकून दुसऱ्याच कुणाची पेटी लावून गेला.

बाईंनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं. मग कोंबड्या कशाला, असं मी एकदा विचारलं. तर निरोपसमारंभाच्या दिवशी बाकीच्यांनी शाल आणि नारळ दिला, आणि शाळेतली शिपाईबाई गजराबाई लोणी काळभोरहून डालग्याखाली झाकून एक खुडूक कोंबडी घेऊन आली, खाली नऊ अंडी. म्हणाली, "बाई, शाळा सुटली की घर खायला उठतंय. ही ऱ्हाऊ द्या. गुणाची हाय." नाही म्हणायला बाईंकडे कारण होतं, पण कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. "बसलेल्याला उठवायचं नसतं," बाई मला म्हणाल्या, "वर्गातही नाही." एकवीस दिवसांनी त्यांच्याकडे सात पिल्लं झाली. अंडी त्या वाटून टाकत. ज्याच्या घरी पोर आजारातून उठलंय किंवा बाळंतीण आहे त्याच्या दारात सकाळी दोन अंडी ठेवलेली असत, आणि आभार मानायला कुणी आलं तर बाई म्हणत, "मी नाही घातली."

नावं त्यांच्या पहिल्या वर्गाच्या पटावरची होती. नवी नावं शोधत बसायला वेळ कुणाला आहे, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्या पहिल्या वर्गातली खरी कुसुम, चांगली दोन नातवंडांची आजी, पेढे घेऊन बाईंना भेटायला आली, तेव्हा बाई अंगणात ओरडत होत्या, "कुसुम, उतर आधी हौदावरून." पाहुणी गोरीमोरी झाली. बाईंनी ओळख करून दिली. "बाई, माझं नाव कोंबडीला?" ती कशीबशी म्हणाली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तूही सांगितल्याशिवाय बाकावरून उतरत नव्हतीस." जाताना त्या कुसुमनं या कुसुमला पेढ्याचा तुकडा घातला, हे मी पाहिलं.

कोंबड्याचं नाव मात्र इन्स्पेक्टर. तो हजेरीपटात नव्हता. येतो, छाती काढून फिरतो, आरडाओरडा करतो, काम काही करत नाही, असं त्याचं वर्णन बाई करत. पलीकडच्या घरातल्या निवृत्त गृहस्थांनी तो पहाटे पाचला आरवतो म्हणून तक्रार केली, तर बाई म्हणाल्या, "एक अर्ज मला द्या, एक सूर्याला. दोघांचा विचार एकदम होईल." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

खऱ्या इन्स्पेक्टरांवर बाईंचा राग जुना होता, आणि त्याहून जुना राग होता तो त्यांच्या येण्याची तयारी करणाऱ्यांवर. तपासणीच्या दिवशी पट भरलेला दिसावा म्हणून शेजारच्या शाळेतली मुलं आणून बसवायची चाल तेव्हा पुष्कळ ठिकाणी होती. बाईंच्या एका वर्गात गोवराच्या साथीत बेचाळीसपैकी एकोणीसच मुली हजर होत्या आणि नेमकी तपासणी आली. सहकाऱ्यांनी सुचवलं, पलीकडून वीस मुली आणू. बाईंनी एकोणीस दाखवल्या आणि शेरा वाईट घेतला. ही गोष्ट त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी शेवट एकच. "पटच खोटा असेल तर शाळा कशाला भरवायची?" मी मान डोलवायचे. त्या वाक्याला आपण एक दिवस अडखळून पडणार आहोत हे मला कुठून कळणार.

अंगणात कोंबड्यांखेरीज शिपाई होता. शिपाई म्हणजे बाईंचा कुत्रा, तपकिरी, म्हातारा, दोन्ही कानांनी ठार बहिरा. खुराड्याची राखण त्याच्याकडे होती आणि ती तो झोपून करायचा. हौदामागे एक घूस होती. ती खुराड्याखाली बीळ काढायची आणि बाई दर रविवारी बिळात फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि चुना कोंबून वर दगड ठेवायच्या. सोमवारी घूस शेजारून नवं बीळ काढायची. "चिकाटी आहे," बाई म्हणायच्या, "विषय चुकलाय." अंडी पळवणारे उंदीर होतेच. कधीमधी सकाळच्या वेळी कुंपणावरून मुंगूस सरकून गेलेलं दिसायचं. या सगळ्या गोतावळ्यात मी माझा बोका घेऊन आले.

घेऊन आले म्हणजे तोच आला. त्या वर्षी आमच्या घरात पाळणा यायचा होता तो राहून गेला. डॉक्टरांनी महिनाभर पडून राहायला सांगितलं होतं आणि मी छताकडे बघत पडून असायचे. त्याच आठवड्यात हा करड्या रंगाचा, एका कानाचा तुकडा पडलेला बोका कौलांवरून उतरला आणि सरळ माझ्या पायांवर येऊन झोपला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आमचे हे म्हणाले, रुबाब तर सुभेदाराचा आहे, म्हणून तो सुभेदार. मला त्या दिवसांत त्याचा किती आधार होता हे मी कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं वाटलंही नाही. पण तो पायांवर नसला तर मला झोप यायची नाही.

बाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "आपण पालक का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "पालक, आपला सुभेदार काल हौदावर बसून कोंबड्यांकडे टक लावून बघत होता. समज द्या." "पालक, आज त्यानं उंदीर मारला. प्रगती आहे." मांजर आणि कोंबड्या एका अंगणात नांदायच्या म्हणजे थोडी भीती सगळ्यांनाच होती. पण इन्स्पेक्टरनं पहिल्याच आठवड्यात सुभेदाराच्या नाकावर एक चोच मारली आणि तो प्रश्न मिटला. पुढे वर्षभर सुभेदार कोंबड्यांच्या वाटेला गेला नाही. उन्हात शिपायाच्या पोटाशी झोपायचा आणि कोंबड्या दोघांच्या अंगावरून चालत जायच्या.

बाईंचा एक भाचा होता, माधव, ठाण्याला. सरळ माणूस. दर दिवाळीला यायचा आणि म्हणायचा, "मावशी, आता एकटी राहू नकोस. परवा स्टोव्ह तसाच पेटता राहिला होता म्हणे." बाईंना हा विषय आवडत नसे. एका दिवाळीला त्यांनी हजेरीपट आणून त्याच्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कारण लिहिल्याशिवाय एक नाव कमी झालेलं नाही. म्हातारपणानं गेली, तशी नोंद आहे. मानमोडीच्या रोगानं दोन गेल्या, तशी नोंद आहे. ज्या दिवशी या पटातलं एखादं नाव माझ्या हातून गळेल, त्या दिवशी तू सांगायची वाट बघणार नाही. ट्रंक भरीन आणि येईन." माधव हसला. मी फराळाचं ताट घेऊन उभी होते, मीही हसले. बाई हसल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी कुसुम नाहीशी झाली. आमच्या दाराजवळ तिची पिसं पडली होती, आणि दुर्दैव असं की सुभेदार त्याच पायरीवर बसून पंजा चाटत होता. बाईंनी पिसं उचलली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दहा-बारा दिवसांनी लीला गेली. या वेळी पिसं कुंपणाशी होती, पण जागा बदलली म्हणून संशय फिटत नाही.

"पालक," बाई म्हणाल्या, "पहिल्या चुकीला मी समज देते. दुसरीला घरी पाठवते."

"बाई, त्यानं वर्षभरात एका कोंबडीला पंजा लावला नाही. मुंगूसही येतं इथं."

"मुंगूस खुराड्याची कडी काढत नाही. रात्री मी स्वतः कडी लावते. त्यांना पहाटे बाहेर कोण काढतं?"

मी म्हणणार होते की बोकाही कडी काढत नाही. पण बाईंचा आवाज तेव्हा थोडा कापला, आणि त्यांचा आवाज कापलेला मी कधी ऐकला नव्हता. "मला या नावांपुढे कारण लिहायचंय," त्या म्हणाल्या. "कारणाशिवाय नावं गळायला लागली तर..." मला दिवाळीतला पट आठवला. त्यांना मांजर नको होतं असं नाही. त्यांना कारण हवं होतं.

पुण्यात मांजर सोडायचं तर मंडईत सोडायचं, हे कुणी न शिकवता सगळ्यांना माहीत असतं. तिथे उंदीर पुष्कळ, उपाशी राहणार नाही, अशी आपणच आपली समजूत घालायची. ह्यांनी त्याला कापडी पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं आणि सायकलच्या हँडलला अडकवून गेले. सुभेदार ओरडला नाही. पिशवीला नाकाचा उंचवटा येत होता तेवढा मला दिसत राहिला. परत आल्यावर हे पाय धुऊन जेवायला बसले आणि न जेवता उठले. बाईंनी त्या संध्याकाळी कुसुम आणि लीला यांच्या नावांपुढे लाल शाईनं लिहिलं, 'मांजर'.

चौथ्या दिवशी कचेरीतून मी घरी न येता मंडईत गेले आणि बटाट्याच्या पोत्यांमागे, गाळ्यांखाली वाकून वाकून त्याला हाका मारल्या. एका भाजीवालीनं विचारलं, काय हरवलंय. मी सांगितलं. ती म्हणाली, "सोडाया रोज कुणी ना कुणी येतंय, ताई. शोधाया कुणी येत नाय." मी दोन जुड्या मेथी घेतली. तशीच आले असते तर बरं दिसलं नसतं.

त्यानंतर पंधरवड्यानं सर्दीतापामुळे मी घरी होते. संध्याकाळी खिडकीतून बाईंची हजेरी पाहिली. नऊ नावं, नऊ 'ह', कडी, "पट पूर्ण, सुट्टी." बाई आत गेल्या, मागून शिपाई गेला. मी चहा टाकला. चहा गाळेपर्यंत अंगणात पुन्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाहते तर बाई पट घेऊन बसलेल्या. "हजेरी राहिलीच आज," त्या स्वतःशी म्हणाल्या, उठल्या आणि त्यांनी खुराड्याची कडी काढली. दार उघडलं. कोंबड्या आत दांडीवर ओळीनं बसलेल्या. "विमल," बाईंनी पुकारलं. कुणी हललं नाही. बाईंनी पटात पाहिलं. तिथे आजच्या तारखेला विमलपुढे 'ह' होता. सगळ्यांपुढे होता. बाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग चष्मा पुसून त्यांनी त्याच 'ह'वरून पेन्सिल पुन्हा फिरवली, नऊच्या नऊ वेळा, पट मिटला, खुर्ची उचलली आणि आत गेल्या. दार नुसतं लोटलेलं राहिलं. कडी लोंबत होती.

मी जाऊन कडी लावली. खुराड्याजवळ पट राहून गेला होता, तो उघडून पाहिला. गेल्या दोन महिन्यांत कितीतरी तारखांचे 'ह' असे दाट, दुहेरी होते. एका तारखेला तर तिहेरी. कुसुम आणि लीला गेल्या त्यांच्या आदल्या दिवसांचे दोन्ही दुहेरी होते.

म्हणजे माझं मांजर निर्दोष होतं. आणि हे मी कुणालाही सांगू शकत नव्हते. मांजर निर्दोष म्हणायचं तर दोष कुणाचा ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर बाईंनी त्याच दिवशी ट्रंक काढली असती. त्या घरातून त्या गेल्या तर त्यांचं काय होईल हे मला दिसत होतं. नाही गेल्या तर काय होईल तेही दिसत होतं. मी रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आपण कडी लावत जाऊ." त्यापलीकडे आम्हा दोघांना काही सुचलं नाही.

रोज बाई आत गेल्या की मी जाऊन कडी बघायची. पण माझी कचेरी होती, बस होती, बसला उशीर होता. एका दिवशी मी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं, दमले होते, राहून गेलं. सकाळी लवकर उठून पाहिलं तर दार उघडं आणि शकुंतला नाही. कुंपणावर मुंगूस मागच्या पायांवर उभं राहून माझ्याकडे बघत होतं. बाई अजून उठल्या नव्हत्या. आता मांजरही उरलं नव्हतं, ज्याचं नाव लिहिता येईल.

मी अर्धी रजा टाकली आणि कॅम्पातल्या कोंबडीवाल्याकडे गेले. तीन पिढ्यांचं दुकान, गल्ल्यावर पिकल्या दाढीचे चाचा. मी म्हटलं, तांबडी पाहिजे, शेपटीत एक पांढरं पीस असलेली. त्यांनी पिंजऱ्यात हात घालून एक काढली. "कापून देऊ ना?"

"नको, जिवंत."

"पाळणार?" ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले. "ताई, ही पाळायची जात नाही, खायची आहे. पाय बघा, पिवळे. गावठीचे पाय काळे असतात. पाळायची तर खेड्यातून आणा."

मला तेव्हा खेडं परवडणारं नव्हतं, हजेरी पाच तासांवर आली होती. आणि कोंबडीचे पाय कोण बघतं. मी तिला झाकलेल्या पिशवीतून आणली. पिशवी तीच होती, सुभेदाराची. संध्याकाळी बाईंनी पुकारलं, "शकुंतला." मी मागून हळूच लोटली. ती आत गेली. बाईंची पेन्सिल जरा थांबली, मग 'ह' उमटला. पुढच्या दोन महिन्यांत मी इंदू आणि प्रमिलाही अशाच आणल्या. नऊपैकी तीन कोंबड्या माझ्या झाल्या.

या काळात बाई आणखी एक गोष्ट विसरल्या. एका संध्याकाळी त्या दुधाची वाटी घेऊन आमच्या दारात आल्या. "पालक, सुभेदार दिसला नाही आज." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती, टोमणा नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझ्या मनात आलं, ओरडून सांगावं, तुम्हीच घालवलंत त्याला. तेवढा राग मला होता, अजून आहे. पण मी म्हटलं, "उद्या येईल, बाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी, पुन्हा तोच प्रश्न. "आजही गैरहजर? कारणाची चिठ्ठी पाठवत जा." उद्या येईल, बाई. रोज. वाटीतलं दूध शिपाई प्यायचा.

दिवाळीला माधव आला. पाडव्याच्या संध्याकाळी बाईंनी त्याला मुद्दाम अंगणात बसवलं, आम्हा दोघांनाही बोलावलं. मी मनातल्या मनात नऊ मोजत होते. विमल, सिंधू, मालती आत गेल्या. "शकुंतला," बाईंनी पुकारलं. माझी तांबडी आली. बाईंनी पट मिटला.

"माधव, हिचे पाय कोणत्या रंगाचे आहेत?"

"पिवळे, मावशी."

"माझ्या शकुंतलेचे काळे होते. इंदूचे आणि प्रमिलेचेही." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, तो शाळेतही कधी चढला नसेल. "पालक, तपासणीसाठी शेजारच्या शाळेतली मुलं आणून बसवायची चाल माझ्या शाळेत नव्हती."

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. मला सकाळचं आठवत नाही हल्ली, पण पाय आठवतात." त्यांनी पेन्सिल पटावर ठेवली. "वाटलं, आपण होऊन सांगाल. मग वाटलं, नाही सांगत तर बरंच आहे, चाललंय तसं चालू दे. खोट्या पटावर मी दोन महिने 'ह' लिहिला. तेव्हा चूक आपली नाही. हजेरी माझी चुकली." मी रडायला लागले. बाईंनी मला थांबवलं नाही. माधवला म्हणाल्या, "माळ्यावरची ट्रंक काढ."

निघायला चार दिवस लागले. गजराबाई लोणीहून आली आणि दोन डालग्यांत कोंबड्या आणि मोठ्या टोपलीत इन्स्पेक्टर घेऊन गेली. पिवळ्या पायांच्या तिघींनाही घेऊन गेली, त्यांचा काय दोष. शिपाई आमच्याकडे राहिला आणि थंडी सरायच्या आत झोपेतच गेला. रिक्षात बसण्याआधी बाईंनी हजेरीपट माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "तुम्ही न्या, बाई." त्या म्हणाल्या, "पट शाळेतच राहतो. बदली हेडबाईंची होते." आतलं शेवटचं पान मी त्या गेल्यावर पाहिलं. कोंबड्यांच्या नावांखाली, वेड्यावाकड्या अक्षरात, एक नाव नव्यानं दाखल केलेलं होतं. सुभेदार. त्यापुढे प्रत्येक तारखेला 'गै'.

सात-आठ महिन्यांनी मी ठाण्याला गेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर, स्वच्छ, हवेशीर. माधवच्या बायकोनं बाईंना चांगलं ठेवलं होतं, त्यात बोलायला जागा नव्हती. बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. मला त्यांनी ओळखलं नाही. बसा म्हणाल्या, आपण कुठून आलात म्हणाल्या, पुणं म्हटल्यावर नुसती मान हलवली. खिडकीतलं ऊन गेलं तशा त्या सावरून बसल्या. माधवची बायको हळूच म्हणाली, "आता बघा, रोज याच वेळेला."

"विमल," बाई म्हणाल्या. मग मीच म्हटलं, "हजर, बाई." त्यांनी चादरीवर बोटानं काहीतरी लिहिलं. सिंधू, मालती, कुसुम, लीला. कुसुम आणि लीलाही मी हजर केल्या. खोटी हजेरी लावायची मला सवय झालेली होती. सगळी नावं झाल्यावर बाईंचं बोट चादरीवरच थांबलं.

"सुभेदार."

मी चादरीची सुरकुती सारखी करायला लागले. बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"पालक आलेत का?"

"आलेत, बाई."

"मग सांगा. का येत नाही तो?"

इतके दिवस सांगायचं होतं ते सगळं तेव्हा सांगता आलं असतं. आता ट्रंक भरायची राहिली नव्हती, जाणार कुठे होत्या त्या. पण मला तेही जमलं नाही. मी म्हटलं, "उद्या येईल, बाई."

"रोज उद्याच म्हणता तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि चादरीवर बोटानं त्याची गैरहजेरी मांडली.